दोन वर्षं थांबा

"ही फाईल तुमच्याकडेच होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"व्हय," अंकिताची आई मंगल म्हणाली. कोरेगावपासून सांगलीपर्यंत तिनं ती पदराखाली धरून आणली होती.

"शेवटच्या पानावर लिहिलंय बघा. सिझरनंतर दोन वर्षं दिवस राहू देऊ नका. गर्भपिशवीवरची शिवण नीट भरून यायच्या आत पुन्हा पोट वाढलं आणि आठव्या महिन्यात ती उसवली. बाळ गेलं, पिशवी काढावी लागली. अंकिता वाचली हेच खूप. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

शेजारी अंकिताची सासू चंद्राबाई बसली होती. मंगल म्हणाली, "इंग्रजीत लिवलंय. आमाला काय कळतंय?"

हे धडधडीत खोटं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तेव्हा सुट्टी देताना तिथल्या नर्सनं मंगललाच बाजूला घेऊन सगळं समजावलं होतं. बाजारात घेवडा विकताना ही बाई भल्याभल्यांना हार जात नसे, पण जावयाच्या घरी असलं बोलायला तिची जीभ रेटेना. लेकीच्या आईनं कुठल्या तोंडानं सांगायचं? अंकिताजवळ दोनदा विषय काढायला गेली आणि दोन्ही वेळा बाळाच्या टोपड्याबद्दल बोलून उठली. बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात जावई लष्करातून रजेवर आला. मंगलनं पाळणा देऊन लेकीची पाठवणी केली. सांगायचं तेवढं राहून गेलं.

बाराव्या दिवशी अंकिताला दवाखान्यातून सुट्टी मिळाली. थोरली पोर सासरी वाट बघत होती, म्हणून ती तिकडंच निघाली.

"आवं इनबाई, लेकीची वटी भरा, मग जावा," चंद्राबाई म्हणाली.

मंगलनं पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले. खाटेच्या कडेला बसून अंकितानं पदर पसरला. तांदळाची ओंजळ घेतलेले मंगलचे हात मधेच थांबले.

"पोरी, नर्सनं मला समदं सांगितलं हुतं. दोन वर्सं थांबा म्हणून. मला लाज वाटली गं."

चंद्राबाईनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

"मला तरी सांगायचंस, आई."

आता ही पदर झटकणार, असं मंगलला वाटलं. झटकला असता तर तिला बरंच वाटलं असतं. अंकितानं एक हात टाक्यांवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं पदर तसाच पुढं केला.

"घाल," ती म्हणाली. "गाडी चुकंल तुजी."