हात लावल्याची खूण

माझा भाऊ त्रेचाळीस वर्षांचा आहे. स्वतःची दाढी स्वतः करतो, चहाचा कप विसळून ठेवतो, मी चिडले की मलाच गप्प बस म्हणतो. केंद्रात मात्र सगळे त्याला 'बाळ' म्हणतात. म्हणणाऱ्यांत कालपरवा कामाला लागलेल्या, त्याच्या निम्म्या वयाच्या पोरीही आल्या. दारावर पाटी आहे, बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी. त्यातला प्रौढ हा शब्द पाटीवरच राहिला, आत कुणी येऊ दिला नाही.

दर बुधवारी तिथे एक कुत्री येते. म्हातारी, पिवळट, जाड शेपटीची. सोबत तिचा ट्रेनर. थेरपी म्हणे. प्लॅस्टिकच्या दहा खुर्च्या गोल मांडायच्या, मध्ये सतरंजी, सतरंजीवर कुत्री. एकेकाने उठून तिच्यावर हात फिरवायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. थेरपिस्ट मॅडम फॉर्मवर खुणा करतात. हात लावला, एक खूण. हसला, दुसरी. माणूस सुधारतोय हे असं मोजतात म्हणे.

दादाचा आठवडा म्हणजे तो बुधवार. मंगळवारी संध्याकाळीच नखं कापून घेतो. बाकीचे दिवस काहीही विचारा, उत्तर एकच, "बुधवार कधी?"

तर मॅडमनी मला बोलावून घेतलं.

"ताई, तीन महिने झाले, बाळाची एकसुद्धा खूण नाही. कुत्रीला घाबरतो बहुतेक. दहाच जागा आहेत हो, आणि किती जण थांबलेत. पुढच्या महिन्यापासून त्याला मणी ओवायला बसवू."

"मणी?"

"बोटांना चांगलं असतं."

आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं तिला उचलून अंघोळीला नेलं ते याच बोटांनी. आणि ही बाई ती सुधारणार! मी म्हटलं, आधी एकदा मला बघू द्या. शिवणाच्या कारखान्यात अर्धा दिवस रजा टाकली आणि हॉलमध्ये जाऊन भिंतीशी उभी राहिले.

दादाने आपली खुर्ची गोलातून ओढत कोपऱ्यात नेली. भिंत आणि खुर्ची यांच्यामध्ये हातभर जागा सोडून बसला. इकडे कार्यक्रम सुरू. कुणी कान ओढला, कुणी पाठ थोपटली. त्यांचा काय दोष, सांगितलं तसं करत होते बिचारे. सांगणाऱ्याच किंचाळत होत्या, "छान छान! अजून एकदा!" सहावा हात फिरला आणि कुत्री उठली. सरळ दादाच्या खुर्चीमागे गेली, त्या फटीत शिरून धप्पकन पडली. दादाने पाय लांब करून वाट अडवली. हात स्वतःच्या गुडघ्यांवर.

"बघितलंत?" मॅडम कुजबुजल्या. "स्वतः हात लावत नाही, वर दुसऱ्यांना अडवतो. तशी नोंद केलीय मी."

मी दादाजवळ जाऊन वाकले. "अरे, लाव ना हात. चावत नाही ती."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू केंद्रात नाव घालायचं ते माझंच.

"तिला विचारलं?"

चाळीस वर्षं येणारा-जाणारा दादाचे गाल ओढतोय, केस विस्कटतोय, पाठीवर थापा मारतोय. कुणी विचारलं नाही. त्या हॉलमध्ये शिकलेली माणसं सहा होती, आणि कुत्रीला काय हवंय हे कळणारा एकच. हे मला लख्ख कळलं. कळलं, आणि तरीही पुढचं मी केलं.

"ताई, एकदाच लावायला सांगा त्याला," मॅडम मागून म्हणाल्या. "एवढी एक खूण झाली की त्याची जागा राहील."

तो फॉर्म तिच्या तोंडावर फेकायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांपुढे मण्यांचा डबा आला. मी दादाचं मनगट धरलं आणि त्याचा हात कुत्रीच्या डोक्यावर दाबला. हात लाकडासारखा ताठ. कुत्रीने डोळे मिटून घेतले.

"शाब्बास बाळ!" टाळ्या. ट्रेनरने फोटो काढला, मॅडमनी खूण केली. मी थँक्यू म्हटलं. हो, मी.

पुढच्या बुधवारी मॅडमनी मला मुद्दाम बोलावलं, प्रगती बघायला. दादा गोलातच बसला होता, सगळ्यांच्या रांगेत. सहाव्या नंबरवर त्याची पाळी आली. उठला, कुत्रीच्या डोक्यावरून तीनदा हात फिरवला, टेबल पुसतात तसा. मग माझ्याकडे वळला.

"झालं?"

टाळ्यांचा कडकडाट. मॅडमचे डोळे भरून आले. "बघा ताई, प्रेमाने सगळं होतं."

कुत्री सतरंजीवरून उठली आणि कोपऱ्याकडे चालत गेली. तिथे आज कुणाची खुर्ची नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ट्रेनर गेला, पट्ट्याला धरून तिला ओढत परत घेऊन आला. अजून चार जण बाकी होते.