तुतनखामेनचं झाकण

शनिवार, १० सप्टेंबर २००५. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी झाकण उघडलं. टाळी एकानेही वाजवली नाही.

जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावच्या भाड्याच्या हॉलमध्ये तेव्हा तीसेक माणसं होती. व्यासपीठावर साडेसहा फुटी सोनेरी पेटी उभी होती. तिच्यावर हातांची घडी घातलेला, निळ्या पट्ट्यांचा इजिप्तचा राजा तुतनखामेन. मोटर घुमली, अठरा सेकंदांत तो अख्खा राजा दारासारखा बाजूला झाला आणि आत निळसर उजेडात रिकामा चौरंग दिसला. तिथल्या मराठी मंडळाचा गणपती त्यावर बसायचा होता. चंद्रशेखर दांडेकरने रिमोट खिशात टाकला आणि श्रीधरकाकांकडे पाहिलं.

श्रीधरकाका म्हणजे मंडळाचा अध्यक्ष विलास याचे वडील. तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आले होते, म्हणून यंदाची प्रतिष्ठापना त्यांच्याकडे. सोवळं नेसून तयार होते.

"कसब आहे तुझ्या हाताला," ते म्हणाले. "पण मला एक सांग, ही पेटी मुळात कशासाठी असते?"

"राजासाठी, काका."

"जिवंत?"

चंद्रशेखरने पेटीकडे पाहिलं.

"मग प्रेताच्या पेटीत देव बसवू का मी? नाही रे बाबा. मला जमायचं नाही."

मंडळाची बैठक लगेच हॉलच्या स्वयंपाकघरात, मोदकांच्या डब्यांमध्ये उभ्याउभ्या भरली.

"शेखर, समजून घे," विलास म्हणाला. "बाबांनी एकदा नाही म्हटलं की झालं."

"जूनमध्ये चित्र तुलाच दाखवलं होतं. सात जणांनी पाहिलं. तू तर म्हणालास, गोल्डन, एकदम झकास!"

"अरे, तेव्हा मला तो तुझ्या कॉफीच्या मगवरचा माणूस वाटला. मेलेला आहे हे डोक्यातच आलं नाही."

"माझ्या वेदच्या कंपासपेटीवर आहे तो," मालिनी म्हणाली. सजावटीची जबाबदारी तिची होती. "रोज सकाळी बघते. माझ्याही नाही आलं."

चंद्रशेखरला चिडायचं होतं, पण कोणावर ते ठरेना, कारण त्याच्या स्वतःच्याही डोक्यात आलं नव्हतं. हिवाळ्यात तो आणि त्याची बायको सुलेखा बॉनला तुतनखामेनच्या थडग्यातल्या वस्तू बघायला गेले होते. अडीच तास रांगेत उभे होते. आत गेल्यावर कळलं की तो प्रसिद्ध मुखवटा आलेलाच नाही. शेवटी दुकानातून त्या चेहऱ्याचा एक मग घेतला आणि परत आले. तो चेहरा तेव्हा पोस्टरवर होता, माउसपॅडवर होता, चॉकलेटच्या कागदावर होता. थडगं, प्रेत, त्याला गुंडाळलेल्या पट्ट्या हे सगळं माहीत असूनही तीन महिने पेटी घडवताना त्याला एकदाही वाटलं नाही, की हा माणूस मेलेला आहे.

आणि त्याला हलता देखावा हवा होता. इचलकरंजीला कॉलेजात असताना त्याने यंत्रमागाच्या जुन्या मोटरवर डोलणारा शेषनाग केला होता, तालुक्यातून लोक बघायला आले होते. जर्मनीत सात वर्षं तो मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रांचे सुटे भाग आखत होता आणि मंडळ दरवर्षी तेच थर्माकोलचं कमळ माळ्यावरून काढत होतं.

पेटी त्याने एकट्याने केली नव्हती. खालच्या मजल्यावर हेर क्रेमर, म्हणजे श्रीयुत क्रेमर, राहत. वय एकाहत्तर, चाळीस वर्षं टूलमेकर, कारखान्यातली हत्यारं आणि साचे घडवणारे. त्यांनी गॅरेज दिलं, लेथ मशीन दिलं, गाडीच्या वायपरची मोटर कुठल्याशा भंगारातून शोधून आणली. बिजागरी तीनदा तोडून चौथ्यांदा केली. बदल्यात एकच मागितलं. "गॅरेजमध्ये आपण दोघंच असतो. पेटी उघडताना मला लोकांचे चेहरे बघायचेत." ते चार वाजता बायकोला घेऊन येणार होते.

"गणपती नको बसवू आत," चंद्रशेखर म्हणाला. "बाजूला ठेवू. नुसता शोभेला. चार वाजता एकदा उघडतो."

"बाप्पाच्या शेजारी ममी?" मालिनी म्हणाली. "सासूबाईंनी फोटो पाहिला तर मला नाशिकला पाऊल टाकू देणार नाहीत."

सुलेखा नवऱ्याकडे बघत म्हणाली, "अहो, राहू द्या. वेळ जातोय."

ठरलं ते असं: पेटी बाहेरच्या पॅसेजमध्ये, बंद, प्लग काढून. अकरा पन्नासला गणपती थर्माकोलच्या कमळात बसला. आरतीत चंद्रशेखरने झांज वाजवली, तालात वाजवली.

एक वाजता तो पाणी प्यायला पॅसेजमध्ये आला, तर तिथे रांग. प्रसादाच्या रांगेपेक्षा लांब. पोरं, आया, गेल्या आठवड्यात आलेले दोन नवे इंजिनियर, सगळे राजाशेजारी छातीवर हातांची घडी घालून, चेहरा गंभीर करून फोटो काढत होते. मालिनीने दोन काढले. मग विलासच्या बायकोने श्रीधरकाकांना पुढे केलं.

"काका, तुम्हीपण?"

"फोटोला काय होतंय रे? पुण्याला दाखवायला. आत कोणाला बसवायचं नाही, एवढंच." त्यांनी उपरणं सारखं केलं. "घडी उजवी वर की डावी?"

"उजवी," चंद्रशेखर म्हणाला. दात आवळून म्हणाला, पण बरोबर तेच सांगितलं.

सव्वातीनला हाउसमायस्टर, म्हणजे हॉलची देखभाल करणारा माणूस, टेप घेऊन आला. पॅसेज ही आग लागल्यावर बाहेर पडायची वाट. एक मीटर वीस मोकळी हवी, राहिली होती चौऱ्याण्णव सेंटिमीटर. "जा, जा, नाटुअरलिश," म्हणजे हो, हो, अर्थातच, असं म्हणत विलासने लगेच मान डोलावली. चौघांनी मिळून तुतनखामेन उचलला आणि अंगणात सायकल स्टँडच्या छपराखाली नेऊन ठेवला. तिथे सॉकेट नव्हतं.

क्रेमर बरोबर चार वाजता आले. अंगात कोट, बायकोच्या हातात सफरचंदाचा केक. सायकलींच्या मध्ये पेटी पाहून त्यांनी आधी बिजागरीवर बोट फिरवून बघितलं, मग चंद्रशेखरकडे वळले.

"वीज?"

"नाही. हेर क्रेमर, एक अडचण झाली." त्याने सांगितलं. देव, प्रेत, अशुभ. जर्मनमध्ये ते सगळं फार थोडक्यात संपलं.

"आल्झो, म्हणजे ही शवपेटी आहे तर," क्रेमर म्हणाले.

"हो."

"जूनमध्येही शवपेटीच होती."

"हो."

"मग जूनमध्ये का नाही सांगितलंत?"

चंद्रशेखरने बिजागरीकडे पाहिलं. आमच्या लक्षातच आलं नाही, हे त्या माणसाला सांगायचं म्हणजे बिजागरी चौथ्यांदा तुटल्यासारखं होतं. फ्राउ क्रेमरने केक त्याच्या हातात दिला. ती दोघं आत आली नाहीत. सहा वाजता क्रेमर ट्रेलर घेऊन एकटे परतले, पट्टे आवळून पेटी बांधली आणि आपल्या गॅरेजमध्ये नेली. उचलायला चंद्रशेखरने हात लावला, तेव्हा "डांके", आभार, एवढंच म्हणाले. रिमोट मागून घेतला.

त्यानंतर जिन्यात भेटले की ते मान हलवत. थांबत नसत.

२४ ऑक्टोबरला विलासची मेल आली. फोटो सगळ्यांना फार आवडलेत, संक्रांतीच्या कार्यक्रमात मुलांच्या फॅन्सी ड्रेससाठी तुझा तो फॅरो, तुतनखामेन, मिळेल का? देवाचं काही नाही, त्यामुळे बाबांचीही हरकत नाही. चालू स्थितीत असला तर उत्तमच. सुलेखाने मेल वाचली आणि म्हणाली, "उत्तर देऊ नका. आज तरी नका देऊ."

रविवारी, ३० तारखेला, दुपारी तीनला चंद्रशेखर खाली उतरला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. गॅरेजचा दरवाजा खाली ओढलेला होता. त्याने दोनदा ठोठावलं. आतून आवाज नाही. वळणार, एवढ्यात वायपरची मोटर सुरू झाली. त्याने घड्याळात पाहिलं. अठरा सेकंदांनी ती थांबली.

मिटतानाही झाकणाला अठरा सेकंदच लागतात, त्यामुळे ते उघडलं की मिटलं हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. तो पाच मिनिटं दाराशी उभा राहिला. मोटर पुन्हा सुरू झाली नाही.