बाबांचं मत

थोरलीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला तेव्हा तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. खिडकीतल्या कारकुनानं कागद पुढे सरकवला. मजकूर तोच: सर्व गहू धान्य मंडळाच्या कोठारातच घालावा, अन्यत्र विक्रीस परवानगी नाही.

"कारण?" तिनं विचारलं.

"खाली लिहिलंय की."

"तो नियम झाला. मी कारण विचारतेय."

कारकुनानं चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता. "बाई, मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का? पुढच्या हंगामाला परत टाका अर्ज."

तिचं मागणं तसं मोठं नव्हतं. ती आणि तिचा धाकटा भाऊ टेकडीलगतच्या जमिनीत लाल गहू पिकवायचे. दाणा बारीक, पीक बेताचं, पण पिठाला असा चिवटपणा की शहरातल्या एका बेकरीवालीनं ते एकदा वापरलं आणि तेव्हापासून वर्षाला चाळीस पोती मागत होती. कायद्यानं मात्र सगळा गहू मंडळाचा. कोठारात ओतला की थोरलीचा लाल गहू दुसऱ्या कुणाच्या तरी ओलसर, पांढुरक्या गव्हात मिसळून जायचा. सहा महिने जपलेलं पीक मिनिटाभरात दिसेनासं व्हायचं.

"ताई, मग आपण वेगळा पिकवतो तरी कशाला?" धाकटा दर मळणीला विचारायचा. ती पोती शिवत राहायची.

ती घरी आली तेव्हा बाबा दारापाशी खुर्ची टाकून बसले होते. वय ब्याऐंशी. डोळ्यांची शस्त्रक्रिया फसल्यापासून त्यांना नुसता उजेड कळायचा. माणसं ते पावलांवरून ओळखत.

"पाय ओढत आलीस. नाही म्हणाले वाटतं."

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले. आवाजात आनंद मात्र नव्हता.

मंडळ उभं करणाऱ्यांपैकी बाबा एक. त्यांच्या तरुणपणी व्यापारी गव्हाच्या गाड्या स्टेशनाबाहेर तीन तीन दिवस ताटकळत ठेवायचे आणि माल भिजला की तेच कारण सांगून भाव पाडायचे. बाबांचे वडील एकदा असा गहू देऊन परत आले, ते आठवडाभर शेताकडे फिरकलेच नव्हते.

"एकटा शेतकरी दिसला की सोलून काढतात," बाबा म्हणाले.

"मंडळ मोडा असं मी कुठं म्हणतेय? ज्याला द्यायचंय त्यानं द्यावं की. मला चाळीस पोती दुसरीकडे द्यायचीत, बस."

"आज तू चाळीस देशील. उद्या चांगल्या मालाचे सगळेच बाहेर पडतील. मंडळाला काय, कोंडा?"

हे बोलणं इतक्यांदा झालं होतं की थोरलीनं भाजी निवडता निवडता, मान वर न करता आपली बाजू मांडून टाकली.

त्या वर्षी मात्र तिच्यासारखे पुष्कळजण निघाले. निवेदनं गेली, मंडळाच्या फाटकासमोर ट्रॅक्टर उभे राहिले आणि शेवटी मंडळाला मतदान घ्यावं लागलं. ज्याच्या नावावर जमीन त्याला एक मत. कागदावर दोन चौकोन. वरचा: सगळा गहू मंडळालाच. खालचा: ज्यानं त्यानं ठरवावं. हा खालचा चौकोन कागदावर यावा म्हणून थोरली तीन वर्षं गावोगाव बैठका घेत हिंडली होती. घसा बसायचा, खुर्च्या मांडायच्या, त्याच उचलायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून.

मतदानाच्या सकाळी धाकटा हळूच म्हणाला, "बाबांना राहू दे घरी. गाडी बिघडली म्हणून सांगू."

"ते तयार होऊन बसलेत."

खरंच बसले होते. सदऱ्याची बटणं एकेक घर चुकवून लावली होती. तिनं ती सोडून नीट लावली आणि त्यांना गाडीत बसवलं.

मतदान शाळेत होतं. रांगेतून टेबलापाशी पोचल्यावर अधिकारी बाईंनी विचारलं, "आजोबा, दिसतं का?"

"उजेड दिसतो."

"मग मदतीला एकजण आत नेता येईल. कोणाला नेताय?"

मागे बाबांचा जुना सोबती उभा होता, मंडळाचा कट्टर माणूस. तो लगेच पुढे सरसावला. "मी येतो."

"माझी लेक आहे की," बाबा म्हणाले.

"अरे, पण ती तर..."

"ती काय आहे ते मला ठाऊक आहे."

पडद्याआड दोघंच. पायऱ्या चढल्यानं बाबांना धाप लागली होती. त्यांनी तिचं कोपर धरलं होतं आणि तोंड भलतीकडेच, भिंतीकडे होतं.

"वरचा," ते म्हणाले.

थोरलीनं शिक्का उचलला. खालचा चौकोन बोटभर अंतरावर होता. बघणारं कोणी नव्हतं. तीन वर्षांच्या बैठका तिच्या खांद्यांत दुखत होत्या. तिनं वर शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत थांबली आणि कागदाची घडी घातली.

"झालं?"

"झालं."

मग तिनं स्वतःचं मत दिलं, खाली.

बाहेर धाकट्यानं तिला बाजूला घेतलं. "काय केलंस?"

"त्यांनी सांगितलं ते."

"ताई, तुझ्यापुढे हात टेकले!" तो म्हणाला आणि गाडीचं दार धाडकन लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी निकाल आला. खालचा चौकोन चौसष्ट मतांनी हरला. एका मतानं काही उलटणार नव्हतं, हे धाकट्यालाही कळत होतं. तरी दोन दिवस तो एकटाच शेतावर जेवला. थोरली रडली नाही. भर दुपारी चपला न काढता खाटेवर आडवी झाली आणि ताप उतरल्यासारखी झोपली.

संध्याकाळी बाबा भिंत चाचपत आले. "जागी आहेस?"

"हं."

"खाली मारता आला असता. मला काय कळणार होतं?"

"नसतंच कळलं."

"मग?"

बोलण्यासारखं बरंच होतं, पण अंगात त्राण नव्हतं. "तुम्ही मला आत नेलंत. तुमच्या सोबत्याला नाही."

बाबा खाटेच्या कडेला टेकले. "त्याचा हात थरथरतो. शिक्का रेघेवर मारून मत बाद केलं असतं त्यानं."

थोरलीला हसू आलं, किती दिवसांनी कोण जाणे. बाबाही हसले.

"तू चुकतेयस असंच मला वाटतं, अजूनही," ते म्हणाले.

"आणि तुम्ही चुकताय असं मला."

"असू दे. अर्ज परत टाकशील तेव्हा मी येतो. चाळीस पोत्यांनी मंडळ बुडत असेल तर आम्हीच ते नीट बांधलं नव्हतं, एवढं सांगीन. ऐकतील असं नाही."

हंगामाआधी दोघं मंडळाच्या कचेरीत गेली. साहेबांनी दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मग बाबा आत अर्धा तास बोलले. मधे एकदा खोकल्यानं थांबले, तेव्हा साहेब स्वतः उठून पाणी घेऊन आले. शेवटी परवानगी निघाली: दहा पोती, एक वर्ष, प्रायोगिक तत्त्वावर.

"दहा?" धाकट्यानं विचारलं.

"दहा."

मळणी झाल्यावर त्यानं बेकरीवालीसाठी दहा पोती निवडून भिंतीशी लावली, दोनदा मोजली. उरलेला गहू ट्रॉलीत भरण्यात अर्धा दिवस गेला. थोरली ट्रॅक्टर घेऊन निघाली तेव्हा कोठाराची रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत आली होती. तिनं इंजिन बंद केलं आणि हातांवर डोकं टेकून पुढची गाडी हलायची वाट बघत बसली.