पुढं पळणारं घड्याळ

बिबवेवाडीतल्या त्या ज्युनिअर कॉलेजात बारावी सायन्सला एकशे वीस मुलं होती. म्हणजे हजेरीपटावर होती. प्रत्यक्षात ती सकाळी सातपासून शहरातल्या क्लासमध्ये प्रवेश परीक्षेची उदाहरणं सोडवत बसलेली असत. जानेवारी संपत आला की मात्र सगळी एकदम उगवत आणि प्रयोगशाळेबाहेरच्या बाकांवर बसून गेल्या वर्षीची जर्नलं उतरवून काढत. मूळ जर्नलात शाई सांडून एखादा आकडा दिसेनासा झाला असेल, तर तेवढी जागा कोरी सोडणारे महाभागही त्यांच्यात होते. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण प्रत्येकाचं बिनचूक नऊ पूर्णांक आठ येई. ज्यांनी लंबक डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, त्यांचंसुद्धा.

धम्मदीप वाघमारे सर तिथं अकरा वर्षं फिजिक्स शिकवत होते. येरवड्यात वाढलेला माणूस. वडील दर रविवारी विहारातून आले की पोराला समोर बसवून सांगत, "कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही. पारखायचं, पटलं तर घ्यायचं." हे ऐकत मोठा झालेला मुलगा विज्ञानाचा मास्तर झाला नसता तरच नवल. पण पारखायला शिकवायचं कुणाला? समोर रिकामे बाक. पहिली दोन वर्षं ते चिडले, पुढची दोन भांडले, आणि मग सही करायला शिकले. जर्नल आलं की शेवटचं पान उघडायचं आणि सही ठोकायची.

मग मैना आली. लोणी काळभोरहून दोन बस बदलून रोज येणारी, क्लास परवडत नव्हता म्हणून कॉलेजला येणारी एकटी मुलगी. पहिल्याच दिवशी तिनं लंबक टांगला, वीस आंदोलनं मोजली, गणित केलं आणि उत्तर आलं नऊ पूर्णांक चार.

"सर, चुकलं माझं," ती म्हणाली.

"कशावरून?"

"जर्नलात नऊ पूर्णांक आठ हाय ना."

"जर्नलाला काय कळतंय? चुकलंय म्हणतेस, तर कुठं चुकलं ते शोध. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं."

सरांना वाटलं होतं, दोन दिवसांत कंटाळेल. ती तीन आठवडे चिकटून राहिली. आधी दोरा बदलला, मग गोळा. मग पंखा बंद करून मोजलं, मग मोजायला सरांना बसवलं. उत्तर नऊ पूर्णांक चारच्या आसपासच. शेवटी एका दुपारी तिनं प्रयोगशाळेतलं जुनं टेबलावरचं घड्याळ आणि सरांचा मोबाइल शेजारी शेजारी ठेवून दोन्ही एकदम सुरू केली. मोबाइलवर पाच मिनिटं, म्हणजे तीनशे सेकंद झाले, तेव्हा घड्याळात तीनशे सहा झाले होते. तिनं तेच पुन्हा केलं, पुन्हा एकदा केलं, आणि मगच बोलली.

"सर, घड्याळच पुढं पळतंय!"

अकरा वर्षांत शेकडो मुलांनी त्याच घड्याळावर नऊ पूर्णांक आठ काढलं होतं. सर इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी स्कूटर हळू चालवली. आपण मास्तर आहोत, असं त्यांना फार दिवसांनी वाटत होतं.

नव्या घड्याळासाठी ते प्राचार्यबाईंकडे गेले. बाईंनी अर्ज वाचला. "सगळ्यांच्या जर्नलात उत्तर बरोबर येतंय ना? मग घड्याळ बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी तो परत दिला. पुण्यात नकार देतानासुद्धा मुद्दा सोडत नाहीत.

फेब्रुवारीत बोर्डाची प्रॅक्टिकल परीक्षा आली आणि मैनाच्या वाट्याला लंबकच आला. मोबाइल बाहेर, आत तेच घड्याळ. परीक्षेला बसण्याआधी तिनं सरांना विचारलं होतं, "घड्याळ जे दाखवंल तेच लिहू ना?"

"जे दिसेल ते लिहायचं," सर म्हणाले होते. दुसरं काय म्हणणार?

तिनं तसंच केलं. वीस आंदोलनांना एक्केचाळीस सेकंद लिहिले, उत्तर नऊ पूर्णांक चार काढलं आणि खाली स्वच्छ अक्षरात नोंद केली: हे घड्याळ पाच मिनिटांना सहा सेकंद पुढे पळतं, ते दुरुस्त केलं तर उत्तर नऊ पूर्णांक आठच्या जवळ येतं. एखाद्या शास्त्रज्ञानं याहून वेगळं काय लिहिलं असतं?

बाहेरून आलेले परीक्षक होते वैजनाथ मुळे सर. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, स्वभावानं गरीब, कुणाचं वाईट न चिंतणारे. मुलं गेल्यावर त्यांनी तो कागद वाघमारे सरांपुढं सरकवला.

"ही पोरगी खुळी आहे का हो?"

"सर, ती बरोबर आहे. मी स्वतः पडताळून पाहिलंय."

"असेल. पण परीक्षेच्या कागदावर लॅबचं सामान बिघडलंय असं लेखी देते? वर कुणी वाचलं तर तुमच्या कॉलेजची चौकशी, आणि असल्या घड्याळावर परीक्षा घेतली म्हणून माझी. आणि उत्तर चूक म्हणून धरायचं, तर तीसपैकी अठराच्या वर मला हलता येत नाही." ते डबा घेऊन उठले. दाराशी थांबून म्हणाले, "कोरा कागद टेबलावर आहे, वाघमारे. शिक्का मारलेला. मुलगी तुमची आहे. मी जेवून येतो."

मैनाला शहरातल्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचं होतं. तिथं प्रवेश बारावीच्या मार्कांवर, आणि यादी अर्ध्या मार्काला तुटायची. यादीत नाव लागलं तर शिकशील, नाहीतर मामाकडचं स्थळ आहेच, असं तिच्या वडिलांनी साफ सांगितलेलं होतं. बारा मार्क म्हणजे त्या मुलीचं सगळं आयुष्य होतं.

वाघमारे सरांनी कोरा कागद ओढला. मैना सातच्या पोटात आडवी रेघ मारायची, हे त्यांना ठाऊक होतं. एक्केचाळीसच्या जागी चाळीस पूर्णांक दोन लिहिले. उत्तर आलं नऊ पूर्णांक सात सात, आणि दोन्ही सातांच्या पोटात त्यांनी रेघ मारली. घड्याळाची नोंद गाळली. दहा मिनिटांचं काम. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खोट्यावर सह्या केल्या होत्या, खोटं स्वतःच्या हातानं आज पहिल्यांदा लिहिलं. त्यांना स्वतःची किळस आली. मूळ कागद मात्र त्यांच्यानं फाडवेना. घडी घालून त्यांनी तो ड्रॉवरमध्ये सरकवला.

मैनाला प्रवेश मिळाला. निकालानंतर तिनं फोनवर आभार मानले, आणि पुढच्या फेब्रुवारीत एका दुपारी पेढ्यांचा पुडा घेऊन ती प्रयोगशाळेत हजर झाली. पहिल्या सेमिस्टरला फिजिक्समध्ये वर्गात पहिली आली होती. पुडा तिनं त्याच टेबलावर, त्याच ड्रॉवरच्या वर ठेवला.

"सर, एक सांगू का? परीक्षेच्या दिवशी मी लई घाबरले होते. म्हटलं, खरं लिहिलंय, आता मार्क जाणार. मग निकाल लागल्यावर हिशेब केला. फिजिक्सला मला शंभरात शहाण्णव. थिअरी सत्तरची. ती पूर्ण सत्तर धरली तरी प्रॅक्टिकलचे सव्वीस तरी असणारच. म्हणजे खरं लिहून मार्क गेले न्हाईत!"

सरांनी पेढा हातात धरून ठेवला.

"एकशे एकोणीस जणांनी छापील लिहिलं, मी एकटीनं दिसलं ते लिहिलं. फरक काहीच न्हाई. पण एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा न्हाई, तुमचंच वाक्य." ती हसली. "राधाची, माझ्या धाकट्या बहिणीची, उद्या प्रॅक्टिकल हाय. हडपसरच्या कॉलेजात. तिच्या लॅबमधला वजनाचा काटा पण बोंबललेलाच हाय. तिला सांगून ठेवलंय, दिसंल तेच लिही, काही होत न्हाई. मी करून बघितलंय."

करून बघितलंय. हिनं प्रयोग केला होता, निष्कर्ष काढला होता, आता तो पुन्हा करून पाहत होती, सगळं शिकवल्यासारखं. फक्त मूळ निरीक्षण कुणी बदललं, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि हडपसरच्या त्या कॉलेजात राधासाठी कोरा कागद ओढणारं कुणी असेलच, असं नव्हतं.

"मैना," ते म्हणाले. "राधाला सांग, छापील लिही."

ती खळखळून हसली. "सर, अजून माझी परीक्षा घेताय व्हय? आता न्हाई फसायची मी."

ड्रॉवर हाताशी होता. उघडून कागद पुढं केला असता की झालं. पण मग तिला काय उरलं असतं? आणि खरं सांगायचं तर, मग सरांना काय उरलं असतं? या एका मुलीच्या डोळ्यांत ते अजून मास्तर होते.

"घड्याळ तेच का? अजून पळतंय?" तिनं जाता जाता लाडानं कळ दाबून ते सुरू केलं, वाकून सरांच्या पायाला हात लावला आणि निघाली. जिना उतरून रस्ता ओलांडून बसथांब्यावर जायला पाच मिनिटं लागतात. मागून हाक मारता आली असती. फोन नंबर तर होताच.

सर घड्याळाकडे पाहत बसले. त्यात तीनशे सहा सेकंद झाले, तरी ते जागचे उठले नाहीत.