चिंचेने उजळलेले तांबे

"अगं शालन, हे तर बाळाचं खेळणं दिसतंय!" बनूबाईने नळी उलटीपालटी करून बघितली.

मी म्हणाले, "खेळणं कसलं? दवाखान्यातल्या फोटोच्या मशीनला लागतं ते. आमची जिज्ञासा बनवते. स्वतःच्या हातानं."

आदल्या दिवशी शुक्रवार, एमआयडीसीत लाईट बंद, म्हणून सुनेने ते काम घरी आणले होते. वीतभर पारदर्शक नळी, वर तांब्याच्या पट्ट्या, मधेमधे तांदळाच्या कणीएवढे काहीतरी बसवलेले. सकाळी बघते तर तांबे सोल्डरिंगच्या धुराने काळवंडलेले. आख्ख्या बुवापाड्यात माझ्या घरचे भांडे कुणी काळे बघितले नाही. त्यात बनूबाई चहाला यायची होती. तिचा जावई रेल्वेत आहे, आणि ती ते चहाच्या प्रत्येक घोटाला सांगते. मी चिंच-मीठ घेतले, खसाखसा चोळले, नळाखाली धरले. एक स्क्रू ढिला वाटला, तोही सुरीच्या टोकाने आवळून टाकला. लखलखले अगदी.

जिज्ञासा केस पुसत मोरीतून आली आणि तिथेच थांबली.

"आई... हे धुतलंत?"

"मग? तसंच काळं नेणार होतीस? लोक म्हणतील, हिच्या घरात चिंच मिळत नाही का."

तिने नळी खिडकीच्या उजेडात धरली. दोन कण्या निघून पाण्याबरोबर वाहून गेल्या होत्या. स्क्रूवरून तिने नुसते बोट फिरवले. तो केसाएवढा फिरवत फिरवत ती आठवडाभर त्या नळीला मशीनशी जुळवत होती.

"कुठल्या दवाखान्यात जाणार गं हे?" बनूबाई.

"दवाखान्यात नाही मावशी, लॅबमध्ये. यात उंदराला गुंगी देऊन झोपवतात. त्याच्या मेंदूचा फोटो निघतो. नवीन औषध आधी त्याच्यावर बघतात ना."

"उंदीर!" बनूबाईने हसून पोट धरले. "आणि तू सगळीकडे सांगत फिरलीस, सून माणसांचे जीव वाचवते!"

माझे कान तापले. "तुला मला नीट सांगता येत नव्हतं?" मी सुनेवर ओरडले.

"सांगितलं होतं, आई," ती हळूच म्हणाली.

एवढ्यात फोन वाजला. तिचे साहेब, भगवंत. पुण्याची पार्टी कॉइल, म्हणजे हीच नळी, न्यायला निघाली होती.

"सर, खराब झालंय ते... नाही, माझ्याकडूनच पाणी सांडलं."

पलीकडचे ओरडणे आम्हा दोघींनाही ऐकू आले. तुझ्या भरवशावर शब्द दिला होता, आता परमनंट नोकरीचं विसर.

"हो सर. चूक माझीच."

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "खोटं कशाला बोललीस? माझं नाव सांगायचं. मी काय कुणाला भिते?"

ती मान खाली घालून नळी रुमालात गुंडाळत राहिली. बनूबाईने कप खाली ठेवला. आता ती हसत नव्हती.

"तू नाही गं भीत," ती म्हणाली. "ती भिते, तुला."

टँकरवाला असो की नगरसेवक, माझ्याकडे सगळ्यांना उत्तर असते. लग्न होऊन आल्यापासून ही पोर मला एक शब्द उलटून बोलली नाही, आणि मी ते चारचौघींत मिरवत आले. सून असावी तर अशी!

चपला घालून जिज्ञासा माझ्यासमोर उभी राहिली. डोळे लाल, आवाज रोजचाच.

"आई, भांडी आल्यावर घासते. जाऊ ना?"

'चल, मी येते, मी सांगते तुझ्या साहेबाला,' एवढेच म्हणायचे होते.

मी दारातून बाजूला झाले.