दहाव्या नोंदीचं कारण

मला एका जागी बसता येत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. इथे आल्यावर पंधरा दिवसांत मोठ्या मॅडमनी मला भिंगरी हेच नाव ठेवलं, आणि आता खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलंय. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या स्त्रीरोग आणि प्रसूती विभागाच्या प्रमुख. त्या ओरडत नाहीत. चष्म्यावरून नुसतं बघतात आणि समोरचा न विचारताच चूक कबूल करतो.

आमचं शिक्षण तीन वर्षांचं. पहिल्या वर्षी डॉक्टर नावापुरतीच, बाकी हमाली. रक्त काढा, रिपोर्ट आणा, कळा मोजा, कागद भरा, आणि चूक कुणाचीही असो, बोलणी खा. ऑपरेशन चालू असताना कोपऱ्यात उभं राहून बघायचं, हात मागे बांधून. दुसऱ्या वर्षी लेबर रूम अंगावर पडते, ऑपरेशनला समोर उभं राहून मदत करता येते, आणि बोलणी खाण्याबरोबर थोडी देताही येतात. तिसऱ्या वर्षी सुरी हातात येते. हे सगळं एका निळ्या वहीत उतरवायचं, तिला आम्ही लॉगबुक म्हणतो. तिच्यात चार रकाने: पाहिलं, मदत केली, स्वतः केलं, आणि शेवटचा कारण. कोणती गोष्ट किती वेळा करायची ते पहिल्या पानावर छापलेलंच असतं. खालच्या वर्षाच्या नोंदीवर वरच्या वर्षानं सही करायची, आणि सगळ्यांवर मोठ्या मॅडमनी.

"पहिल्या वर्षी उभं राहायला शिका, दुसऱ्या वर्षी धावायला आणि तिसऱ्या वर्षी बसायला," असं मॅडम पहिल्याच दिवशी सांगतात. लेबर रूमच्या खिडकीखाली त्यासाठी एक लोखंडी स्टूल ठेवलेलं आहे. बाळाचं डोकं खाली आलं की तिसऱ्या वर्षाच्या डॉक्टरनं त्यावर बसायचं, बघायचं आणि उगाच हात लावायचा नाही. मी त्या स्टुलाचा उपयोग पर्स ठेवायला केला.

माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं. त्या दिवशी दुपारी माझ्या वहीत सगळं पूर्ण होतं, एक सोडून. फोर्सेप्स दहा हव्यात, माझ्या नऊ. फोर्सेप्स म्हणजे दोन मोठ्या वाकड्या चमच्यांसारखं हत्यार. बाळाचं डोकं अगदी दारात येऊन अडलं की त्यात धरून, कळेबरोबर, हळूच बाहेर आणायचं. हल्ली ते लावतं कोण? बाई आपोआप मोकळी होते, नाहीतर सरळ सिझेरियन. तरी पहिल्या पानावरचा दहाचा आकडा कुणी खोडलेला नाही. वही दुसऱ्या दिवशी बारापर्यंत ऑफिसात द्यायची होती. नऊवर दिली तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, म्हणजे आणखी सहा महिने इथेच.

सहा महिने कुणाला फार वाटणार नाहीत. पण माझी मुलगी तीन वर्षांची आहे आणि ती माझ्या आईकडे, दुसऱ्या गावात राहते. तिचे बाबा नोकरीच्या गावी, मी इथे, अशी आमच्या संसाराची तीन टोकं. सकाळीच आईचा फोन आला होता. "तुझ्या लेकीनं काल शेजारणीला सांगितलं, माझी आई फोनमध्ये राहते," आई हसत म्हणाली. मीही हसले. फोन ठेवल्यावर जिन्यात उभी राहून रडले, मग तोंड धुऊन राउंडला गेले.

तर अशी मी त्या दुपारी लेबर रूममध्ये येरझाऱ्या घालत होते. टेबलावर एक पहिलटकरीण होती, शिवणकाम हा तिचा धंदा. नर्स तिला मास्तरीणबाई म्हणत होती, कारण आल्या आल्या तिनं आमच्या पडद्याची उसवलेली शिवण दाखवून, हे कुणी शिवलंय, म्हणून नाक मुरडलं होतं. कळांमध्येही तिची जीभ चालत होती.

"डॉक्टर, तुम्ही जरा थांबा हो एका जागी. मला गरगरतंय तुमच्याकडे बघून."

नर्स खुदकन हसली. पहिल्या वर्षाची मुलगी हसली नाही, ती लिहीत होती. तिला आम्ही टीपकागद म्हणतो. समोर जे काही होईल ते शोषून घेते, खिशातल्या छोट्या वहीत टिपते, आणि दिवसभरात चार वाक्यं बोलते. बाळाचे ठोके दर पाच मिनिटांनी मोजायला मी तिला बसवलं होतं.

तासभर जोर लावून झाला होता. डोकं दिसायला लागलं होतं, कळेबरोबर पुढे यायचं आणि थोडं मागे जायचं. पहिल्या वेळी असंच होतं. माझ्या बोटांना सगळं कळत होतं. दहा मिनिटं, फार तर पंधरा, आणि बाळ आपोआप आलं असतं. हे मला त्या क्षणी कळत होतं, नंतर नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

"ठोके?" मी विचारलं.

"एकशे चाळीस," टीपकागद म्हणाली.

"कळेच्या वेळी?"

"एकशे अठरा. कळ गेली की लगेच परत एकशे चाळीस."

म्हणजे चांगले. मी घड्याळाकडे बघितलं, मग ट्रॉलीकडे. वरच्या ताटात फोर्सेप्स निर्जंतुक करून, हिरव्या कापडात गुंडाळून ठेवलेली होती. सकाळी मीच ठेवायला सांगितली होती, लागली तर असावी म्हणून. तेव्हापासून माझी नजर राहून राहून तिकडेच जात होती.

"मी दमले हो," मास्तरीणबाई म्हणाली.

प्रत्येक बाई हे म्हणते. त्यावर आम्ही म्हणतो, आता थोडंच राहिलंय, शाब्बास, लावा जोर. त्या दिवशी मी म्हणाले, "बाई दमलीये, ठोकेही उतरतायत. फोर्सेप्स लावू या."

नर्सनं माझ्याकडे बघितलं. तिची पंचवीस वर्षं या खोलीत गेलीत. "डॉक्टर, येतंय की आपोआप," ती हळू आवाजात म्हणाली.

"सिस्टर, ट्रॉली घ्या." माझा आवाज चढला होता. माणूस खोटं बोलत असला की उगाच चढतो.

मी मास्तरीणबाईला समजावून सांगितलं: बाळ अडकायला नको, थोडी मदत करते, खाली भूल देते, थोडा छेद घ्यावा लागेल. ती घामानं निथळत होती. "तुम्ही म्हणाल ते करा," ती म्हणाली, आणि तिनं माझं मनगट धरलं.

पुढचं सगळं पुस्तकात आहे तसं झालं. हात माझा चांगला आहे, त्यात काही खोटं नाही. डावं पातं, उजवं पातं, दोन्हींचं कुलूप बसलं, कळ आली आणि बाळ आलं. मुलगी. लगेच रडली. गालावर पात्याचा लाल वळ होता, तो दोन दिवसांत जाणारा. मग खाली बघितलं. छेद जिथे थांबायला हवा होता तिथे थांबला नव्हता, फाटत मागच्या स्नायूपर्यंत गेला होता. शौचाला आवर घालणारा स्नायू तो. डोकं सावकाश आलं असतं तर बहुधा हे झालं नसतं.

तिला ऑपरेशनच्या खोलीत नेऊन शिवायला तासभर लागला. एकेक थर जुळवत शिवलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला बसावंसं वाटलं. तिथे बसायला काही नव्हतं.

वॉर्डात नेताना मास्तरीणबाई स्ट्रेचरवरून म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून बरं झालं डॉक्टर. टाके किती घातले? माझा धंदाच तो, म्हणून विचारते."

"बरेच," मी म्हणाले.

"बारीक घातलेत ना? पुन्हा उसवायला नको."

मी मान हलवली. तिच्या कुशीतलं बाळ जन्मतानाच्या माझ्या लेकीएवढंच होतं, तेवढंच जावळ. मी तिथून पळाले.

ड्युटी रूममध्ये जाऊन वही उघडली. दहावी ओळ भरली. तारीख, वेळ, स्वतः केलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: बाळाचे ठोके, मातेचा थकवा. कुणी शंका घेण्यासारखं काहीच नव्हतं. झालं, सुटले, असं मी मोठ्यानं म्हणाले. ते ऐकायला खोलीत कुणी नव्हतं, आणि सुटल्यासारखं वाटतही नव्हतं. आईला फोन लावावा म्हणून हातात घेतला, ठेवला, परत घेतला.

इतक्यात टीपकागद आली. हातात तिची लॉगबुक, नवीकोरी, कोपरेसुद्धा न दुमडलेली.

"ताई, सही हवी होती. माझी पहिली फोर्सेप्स. पाहिलं, या रकान्यात."

"आण इकडे."

तिनं वही पुढे केली. सगळं सुबक अक्षरात भरलं होतं, शेवटचा रकाना मोकळा.

"कारण काय लिहू?"

"ठोके. लिही की."

ती लिहीना. खिशातली छोटी वही काढून तिनं पान उलटलं. पाच पाच मिनिटांनी घेतलेले ठोके एकाखाली एक: एकशे चाळीस, एकशे बेचाळीस, एकशे अडतीस. कळेबरोबर उतरलेले, लगेच चढलेले.

"मला कळलं नाही ताई," ती म्हणाली. "मी तर हे चांगले ठोके म्हणून शिकले होते. म्हणजे अशा ठोक्यांनाही लावायची का? पुढे माझ्यावर वेळ आली तर मला माहीत हवं ना, कधी लावायची ते."

तिनं टोमणा मारला असता तर मी तिला तिथेच झापलं असतं. पण ती खरंच विचारत होती. पेनाचं टोपण काढून उभी होती. मी जे सांगेन ते ती टिपणार होती, दोन वर्षांनी कुणावर तरी तसंच करणार होती आणि आपण बरोबर केलं असं समजून झोपणार होती. मला माझी इतकी लाज वाटली की कान तापले.

"बस," मी म्हणाले.

"काय?"

"खाली बस. तुझे आकडे बरोबर आहेत. बाळ उत्तम होतं. बाई आणखी पंधरा मिनिटं जोर लावू शकली असती. फोर्सेप्सची गरज नव्हती. मला दहावी हवी होती."

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि तिच्या वहीतल्या कारणाच्या रकान्यात स्वतः लिहिलं: कारण नव्हतं. खाली सही केली. मग माझी वही ओढली, दहाव्या ओळीतलं कारण खोडलं आणि तिथेही तेच लिहिलं. दोन्ही वह्या काखेत मारून मोठ्या मॅडमच्या खोलीकडे निघाले, थांबले तर परत वळेन या भीतीनं जवळजवळ धावत.

मॅडम चहा पीत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आईचा फोनही सांगितला, जो सांगायची गरज नव्हती. त्यांनी दोन्ही वह्या वाचल्या. माझ्या दहाव्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि शेजारी सही केली.

"सहा महिने," त्या म्हणाल्या. "फाटण्याची चौकशी वेगळी होईल."

"हो मॅडम."

मला वाटलं, संपलं. खरं सांगू, आतून थोडं हलकंही वाटायला लागलं होतं. कबूल केलं, शिक्षा मिळाली, हिशेब मिटला. मी वह्या उचलल्या.

"भिंगरी," मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "तिला सांगितलंस?"

"कुणाला?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग माझ्या लक्षात आलं.

"अजून नाही."

"फाटलं कुणाचं?"

"तिचं."

"मग माझ्याकडे आधी कशाला आलीस?"

वॉर्ड त्याच मजल्यावर आहे, टोकाला. तो व्हरांडा मी तीन वर्षांत कधी चालत गेले नव्हते, धावतच. त्या दिवशी चालत गेले. मास्तरीणबाई कुशीवर झोपली होती, पाठीवर तिला जमत नव्हतं. बाळ पाळण्यात होतं, गालावरचा वळ तसाच. तिची आई शेजारी बसून लंगोटांच्या घड्या घालत होती.

"आई, ह्याच त्या डॉक्टर," मास्तरीणबाई म्हणाली. "ह्यांनीच वाचवलं हिला."

म्हातारी लगबगीनं उठली. माझे दोन्ही हात हातात धरून तिनं कपाळाला लावले. मला ते सोडवता येईनात.

पलंगाखाली एक स्टूल होतं. मी ते पायानं बाहेर ओढलं आणि बसले.

"थांबा, आजी," मी म्हणाले. "आधी माझं ऐकून घ्या. मग ठरवा, माझे हात धरायचे का ते."