चादरींचा रस्ता

आमच्या लाँड्रीच्या मागच्या दारातून पाऊल बाहेर टाकलं की ते थेट कुरणात पडतं. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही. आतून गरम पाण्याची वाफ येते, बाहेरून गवताचा वास येतो आणि उंबऱ्यावर दोघांची गाठ पडते. मी अभ्यासाला त्याच उंबऱ्यावर बसते, त्यामुळे माझ्या सगळ्या वह्या भिजलेल्या पावासारख्या फुगलेल्या असतात.

कुरण म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. एक डबकं, एक वाकडं झाड, काटेरी झुडपांची एक जाळी, बाकी गवतच गवत. संध्याकाळी तिथे मुलं लोळतात, म्हातारी मंडळी पाय पसरून बसतात. दिवसभर मात्र ते आत्याचं असतं. आत्या लाँड्री चालवते, तिचे यजमान, म्हणजे माझे काका, गाडीतून कपडे आणतात आणि पोचवतात, मी शाळा सुटली की घड्यांना हात लावते. आमच्या सगळ्या दोऱ्या कुरणात. आत्याच्या मते यंत्रात वाळलेली चादर नुसती कोरडी होते, उन्हावाऱ्यात वाळलेली चादर झोपायला तयार होते. गिऱ्हाइकं चादरीला नाक लावतात आणि डोळे मिटतात, हे मी स्वतः पाहिलंय. त्या एका श्वासासाठी लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून येतात.

यंदा दोऱ्यांची एक बाजू रिकामी होती, कारण डबक्याच्या अलीकडे टिटवीने गवतात अंडी घातली होती. चार खडे पडलेत असंच वाटायचं. आत्याने तिथला खांब उपटून लांब रोवला. काका टिटवीला ‘भाडेकरीण’ म्हणायचे, आणि भाडं तर देत नाहीच, वर मालकांवरच ओरडते, अशी तक्रार करायचे.

अशा त्या कुरणात एके दिवशी लाल डोक्यांच्या खुंट्या उगवल्या. मोठ्या रस्त्यापासून पलीकडच्या गोदामांपर्यंत नवा रस्ता काढायचं ठरत होतं, म्हणजे मालाच्या गाड्यांना वळसा पडायला नको. खुंट्या आमच्या दोऱ्यांच्या मधोमध गेल्या होत्या. काका त्या दिवशी गंमत करायचं विसरले. जेवताना म्हणाले की धुरात आणि धुळीत चादरी वाळत नसतात, मोठं यंत्र घेऊ, नाहीतर सरळ दुकान बंद करून त्यांच्या भावाच्या गावी जाऊ. आत्याने ताटातून मान वर केली नाही.

“यंत्रच वाळवणार असेल तर मी कशाला हवी?” एवढंच म्हणाली.

मला रात्री स्वप्न पडलं की आत्या आभाळात उभी राहून दोरी बांधतेय आणि दोरीचं दुसरं टोक बांधायला काहीच सापडत नाहीये.

आमच्या शाळेच्या भूगोलाच्या बाईंनी हॉलमध्ये सभा बोलावली. फळ्यावर नकाशा लावला. अख्ख्या वस्तीतली माणसं आली, चष्मे पुसून झाले, आणि मग सगळे म्हणायला लागले की अरेच्चा, एवढासा तर आहे. नकाशात रस्ता म्हणजे केसाएवढी रेघ होती. केसाला कोण घाबरणार? शिंपीकाका तर म्हणाले की ह्याहून जाड दोरा ते बटणाला वापरतात. बाई रुंदी सांगत होत्या, लोक जांभया देत होते.

मागच्या वर्षीपर्यंत मी अशा ठिकाणी खांबामागची जागा शोधायचे. यंदा माझं काय झालंय कोण जाणे, मनात आलेलं तोंडातून बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं की रस्ता नकाशात दाखवून उपयोग नाही, तो कुरणातच दाखवायचा. खुंटीपासून खुंटीपर्यंत, खराखुरा, जेवढा रुंद असणार तेवढा. पाहणीला रस्ते खात्याच्या इंजिनिअरबाई येणार आहेत, त्यांनाही दिसू दे. कशाने दाखवायचा, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, चादरींनी.

अख्खा हॉल आत्याकडे वळला. आत्या माझ्याकडे अशी बघत होती की घरी गेल्यावर माझीच इस्त्री होणार. मग म्हणाली की गिऱ्हाइकाची एक चादर मिळणार नाही, आणि उठून गेली.

पण दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर मागचं मोठं कपाट उघडं होतं. त्यात न नेलेल्या चादरी असतात. प्रत्येक लाँड्रीत असतात. कुणी गाव सोडतं, कुणी विसरतं, कुणाचं काय होतं कोण जाणे. आत्या त्या टाकत नाही आणि विकतही नाही. वर्षातून एकदा सगळ्या पुन्हा धुते, खळ घालते, घडी करून ठेवते. माणूस येईल, म्हणते. त्या दिवशी ती एकेक घडी बाहेर काढत होती आणि प्रत्येकीवरून हात फिरवत होती, जसं काही मुलांना सहलीला पाठवायचंय. शेजारपाजारच्यांनी आपापल्या आणून दिल्या त्या वेगळ्याच. अट एकच होती, चादर जशी गेली तशी परत आली पाहिजे.

पाहणीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. धुकं म्हणजे असं की हात पुढे केला तर बोटं दुसऱ्या कुणाची तरी वाटावीत. आम्ही सगळे कुरणात उतरलो आणि एकमेकांना दिसेनासे झालो. नुसते आवाज. शिंपीकाकांचा खोकला डावीकडून यायचा आणि उजवीकडून ते स्वतः यायचे. आत्या पुढे, मी तिच्यासमोर, दोघींच्या हातात चादरीची टोकं. झटका द्यायचा, चादर फुगायची, क्षणभर आमच्यामध्ये छप्पर झाल्यासारखं व्हायचं, मग हळूच खाली बसायची. पुढची. तिच्या पुढची. पांढऱ्यात पांढरं. आपण चादर अंथरतोय की धुक्यालाच कोपरे धरून खाली बसवतोय, तेच कळेना. माझ्या मागे आठवीतल्या मुली गुणगुणत होत्या. आत्यासुद्धा गुणगुणत होती. मला आवडलं असतं ते कधीच संपलं नसतं तर.

ऊन आलं तसं धुकं उठलं.

कुरणातून एक पांढरा रस्ता गेला होता. फार सुंदर. मोठ्या रस्त्याकडून तो आला होता, डबक्यापाशी अलगद वळला होता, काटेरी जाळीला वळसा घातला होता, वाकड्या झाडाच्या बाजूने, सावलीला जरासा टेकून, पुढे गोदामांकडे गेला होता. एक सुरकुती नाही. एक डाग नाही. भाडेकरीणसुद्धा आपल्या अंड्यांवर निवांत बसली होती. मुलं त्यावर पळायला निघाली होती, आत्याच्या एका नजरेने जागीच थिजली.

इंजिनिअरबाई आल्या. तरुणच होत्या, बुटांना सवयीचा चिखल लागलेला. कडेला उभ्या राहून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

“मला वाटलं होतं तुम्ही भांडायला बोलावलंय,” त्या भूगोलाच्या बाईंना म्हणाल्या. “हे तर छान दिसतंय. झाड राहतंय, पाणी राहतंय. मग विरोध नक्की कशाला आहे?”

आणि त्यांनी फोटो काढायला मोबाइल वर केला.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. खरंच की, असं मागे कुणीतरी पुटपुटलंसुद्धा. मी मात्र खुंट्यांकडे बघत होते. लाल डोकी एका सरळ रेषेत उभी होती. एक डबक्यात, एक जाळीच्या पोटात, एक झाडाच्या मुळाशी. वाकल्या होत्या त्या आमच्या चादरी. धुक्यात पुढची खुंटी दिसत नव्हती, म्हणून आत्याचे हात त्यांना जे माहीत होतं तेच करत गेले होते. ओल्यावर कापड टाकायचं नाही. काट्यावर टाकायचं नाही. झाडाखाली टाकायचं नाही, पक्षी घाण करतात. आणि समोरचं टोक माझ्या हातात होतं, मी तिच्या मागोमाग वळत गेले होते. आम्ही खात्याचा रस्ता अंथरलाच नव्हता. आम्ही आमचा अंथरला होता.

मी आत्याजवळ गेले आणि हळू आवाजात तिला खुंट्या दाखवल्या. ती बघत राहिली.

“म्हणजे पाण्यात घालायच्या?” तिने विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. त्या चादरींची माणसं अजून यायची होती.

आत्याने डबक्याजवळच्या चादरीचं टोक उचललं. “धर,” म्हणाली.

आम्ही ती चादर डबक्यावर नेली आणि सोडली. ती लगेच बुडाली नाही. थोडा वेळ पाण्यावर पडून राहिली, आभाळासारखी, मग मधून एक तपकिरी ठिपका उमटला आणि तो पसरत, पसरत कडांपर्यंत गेला. दुसरी चादर आत्याने काटेरी जाळीवर टाकली आणि खुंटीच्या रेषेत यावी म्हणून ओढली. फाटल्याचा आवाज झाला. आत्याने डोळे मिटले आणि पुन्हा ओढली. मग शिंपीकाका आले. काका आले. आठवीच्या मुली झाडावर चढल्या, कारण रस्ता झाडातून जात होता आणि चादर आडवी बसतच नव्हती. त्यांनी ती फांद्यांवर टाकली, ती तिथे लोंबत राहिली. पांढरा रस्ता हळूहळू सरळ होत गेला आणि जसजसा सरळ झाला तसतसा बघवेनासा झाला. इंजिनिअरबाईंनी मोबाइल कधी खाली घेतला ते मला कळलं नाही.

शेवटची चादर राहिली. खुंटीच्या हिशोबाने ती जिथे यायला हवी होती तिथे भाडेकरीण होती. आम्ही दोघींनी तिच्या दोन बाजूंना उभं राहून चादर तिच्यावर ताणून धरली. टिटवी उडाली, आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. चादरीची सावली त्या चार खड्यांवर पडली होती. आत्याचे हात खाली येईनात. माझेही येईनात. वारा आला, चादर पोटातून फुगली आणि तरी आम्ही तशाच.

“राहू द्या,” इंजिनिअरबाई म्हणाल्या.

मग त्या स्वतः आत आल्या, माझ्याजवळ येऊन त्यांनी चादरीची दोन टोकं माझ्या हातातून घेतली. मला वाटलं आत्या रागावेल. पण आत्या म्हणाली, “मुठीत नको, चिमटीत धरा. आता माझ्याकडे चालत या.”

चादरीची घडी घालताना असंच असतं. दोघींनी लांबून सुरुवात करायची आणि चालत चालत एकमेकींच्या तोंडासमोर यायचं. आत्या मला नेहमी म्हणते की घडी घालताना भांडता येत नाही, कारण शेवटी समोरचीच्या हातात हात द्यावा लागतो. त्या दोघी घरट्याच्या कडेने जवळ आल्या. इंजिनिअरबाईंच्या कडा काही जुळत नव्हत्या. आत्याने त्या सरळ करून दिल्या.

“मी आता ह्याचा फोटो काढून पाठवते. ह्याचा, सरळवाल्याचा,” इंजिनिअरबाई म्हणाल्या. “गोदामांच्या मागून काढता येईल असं मी आधीही सुचवलं होतं. तेव्हा कुणी ऐकलं नाही. आता ऐकतील का, सांगता येत नाही.”

आत्याने घडीवर हात फिरवला. “परत सुचवा,” म्हणाली.

त्यानंतर बरेच दिवस नुसती वाट बघणं झालं. वस्तीतल्यांच्या चादरींचे डाग काढता काढता आत्याने मला नीळ, खळ आणि संयम या तिन्ही गोष्टी शिकवल्या, पैकी दोन मला आल्या. फाटलेल्या शिंपीकाकांनी शिवून दिल्या. डबक्यातल्या त्या एका चादरीचा डाग मात्र गेला नाही, फिका होऊन तिथेच राहिला, ढगाच्या आकाराचा. भाडेकरणीची पिल्लं निघाली आणि गवतात कापसाच्या बोळ्यांसारखी धावायला लागली. मग एक दिवस खात्याची माणसं आली, खुंट्या उपटल्या, गोदामांच्या मागे नव्या ठोकायला गेली. उपटलेल्या तशाच गवतात टाकून दिल्या होत्या.

काकांनी त्या गोळा केल्या आणि दोऱ्यांना ताण द्यायला जमिनीत ठोकल्या. मी आता उंबऱ्यावर बसून हे लिहितेय, वही नेहमीसारखी फुगतेय. समोर लाल डोक्याच्या खुंट्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर चादरी आहेत, आणि सगळ्यात पुढे ती ढगवाली. तिचं माणूस आलं तर डागाचं काय सांगायचं, असं मी आत्याला विचारलं.

“सांगू की आधी वास घेऊन बघा,” आत्या म्हणाली, आणि चिमटा लावायला पुढच्या चादरीआड नाहीशी झाली.